परिसासारज्जभय : सभेचे भय व त्याचा उपचार

पाली वाङ्मयात भयांची गणना अनेक ठिकाणी आलेली आहे. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात एक लहानसे सुत्त आहे. त्यात पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, सभेचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. यांपैकी तिसऱ्या भयास मूळ पालीत ‘परिसासारज्जभय’ असे नाव आहे. पोटाची चिंता आणि मृत्यूची भीती यांच्या पंक्तीस सभेच्या भीतीला बसविलेले पाहून आजच्या वाचकास थोडे आश्चर्य वाटेल. चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडणे ही काय मरणाच्या बरोबरीची गोष्ट आहे ? परंतु ज्याने ते भय भोगले आहे, त्यास हा प्रश्न पडत नाही.

आम्ही गेली अनेक वर्षे पालीचे अध्यापन करीत आहोत. ज्यांच्या उत्तरपत्रिका उत्तम असतात, पण तोंडी परीक्षेत जे दोन वाक्यांच्या पुढे जाऊ शकत नाहीत, असे विद्यार्थी आम्हांस दरवर्षी भेटतात. विहारात सामुदायिक वंदना चालू असता ज्यांचा स्वर स्वच्छ ऐकू येतो, त्यांनाच एकट्याने उभे राहून चार शब्द बोलावयास सांगितले की त्यांचे हात कापू लागतात. अशा एका विद्यार्थ्यास आम्ही परीक्षेनंतर विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, उत्तर येत होतं, पण सगळे माझ्याकडे बघत होते.” आम्ही त्यास “माणसाने धीट व्हावे” एवढेच सांगितले. ते सांगणे अपुरे होते, किंबहुना अन्यायाचे होते, हे पुढे विनयपिटकाचा एक भाग नव्याने वाचताना आमच्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून निर्माण झाला आहे. सभेच्या भयाकडे बुद्धांच्या संघाने कसे पाहिले, आधुनिक वैद्यकाने त्यास रोग म्हणून केव्हा व कसे ओळखले, आणि ज्या समाजाला शतकानुशतके मान खाली घालण्यास शिकविले गेले त्याच्या बाबतीत या दोहोंचा अर्थ काय होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सारज्ज आणि वेसारज्ज

‘परिसा’ म्हणजे सभा, मंडळी, परिषद. पाली ग्रंथांत मनुष्यांच्या चार परिसा वारंवार येतात : खत्तियांची, ब्राह्मणांची, गहपतींची आणि समणांची. हे चार शब्द नीट पाहिले तर लक्षात येते की, परिसा म्हणजे केवळ गर्दी नव्हे. तीत सत्ता आहे, विद्येचा अधिकार आहे, संपत्ती आहे आणि तपाची प्रतिष्ठा आहे. बाजारातल्या गर्दीतून निर्धास्त चालणारा मनुष्य या चार सभांपैकी एखादीच्या दाराशी अडखळतो. तो अडखळतो याचे कारण तेथे बसलेले लोक त्याचे मोल ठरविणारे आहेत, असे त्यास वाटत असते.

या अडखळण्याला, संकोचाला व बुजरेपणाला पालीत ‘सारज्ज’ म्हणतात. त्याच्या उलट जी अवस्था ती ‘वेसारज्ज’. आणि ती ज्यास प्राप्त झाली तो ‘विसारद’. मराठीत ‘विशारद’ हा शब्द आज परीक्षेच्या पदवीपुरता उरला आहे. पालीतील विसारद मात्र कोणत्याही सभेत न कचरता जाणारा मनुष्य आहे. तथागतांची चार वेसारज्जे प्रसिद्धच आहेत. पण वेसारज्ज ही केवळ तथागतांची मिरासदारी नव्हे, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. महापरिनिब्बान सुत्तात भगवान पाटलिगामच्या उपासकांना, म्हणजे घरदार असलेल्या साध्या लोकांना, शीलाचे पाच लाभ सांगतात. त्यांतील तिसरा लाभ असा की, शीलवान मनुष्य वरील चारांपैकी कोणत्याही सभेत विसारद होऊन, ओशाळा न होता जातो. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात शिकाऊ भिक्षूला वेसारज्ज देणारे पाच गुण सांगितले आहेत : श्रद्धा, शील, बहुश्रुतता, वीर्य आणि प्रज्ञा. हे सर्व गुण अभ्यासाने येणारे आहेत. सभाधीटपणा जन्माने येतो किंवा कुळातून येतो, असे या ग्रंथात म्हटलेले नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या नवक निपातातील सुत्तात पाच भये ओलांडण्यासाठी चार बळे सांगितली आहेत : प्रज्ञाबल, वीर्यबल, अनवद्यबल म्हणजे निर्दोष आचरणाचे बल, आणि संग्रहबल. पहिली तीन बळे मनुष्याने एकट्याने मिळवावयाची आहेत. चौथे तसे नाही. संग्रह म्हणजे माणसे जोडणे. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता, म्हणजे दुसऱ्यास आपल्या बरोबरीचा मानून वागणे, ही त्याची चार अंगे होत. सभेचे भय घालविण्याच्या साधनांत समानतेच्या वागणुकीची गणना झाली आहे, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जेथे समानात्मता नाही तेथे एकट्याचे धैर्य फार काळ टिकत नाही.

महावग्गातील एक प्रसंग

आता विनयपिटकातील तो भाग पाहू. महावग्गाच्या पहिल्या खंधकात उपसंपदेचे नियम कसे घडत गेले याची हकीकत आहे. उपसंपदा मागणाऱ्यास भर संघात काही प्रश्न विचारावेत असे ठरले. तुला कुष्ठ, गंड, किलास, शोष किंवा अपस्मार यांपैकी एखादा रोग आहे काय ? तू स्वतंत्र आहेस काय, की कोणाचा दास आहेस ? तुझ्यावर कर्ज आहे काय ? तू राजाचा सेवक आहेस काय ? मातापित्यांची अनुज्ञा आहे काय ? वय वीस वर्षांचे झाले आहे काय ? तुझे नाव काय, तुझ्या उपाध्यायांचे नाव काय ? हे प्रश्न साधे नाहीत. रोग, दास्य आणि ऋण या तिन्ही गोष्टी चारचौघांत उच्चारताना मनुष्याची मान आपोआप खाली जाते.

भिक्षू कोणतीही पूर्वसूचना न देता हे प्रश्न विचारू लागले. तेव्हा उमेदवार गोंधळले, ओशाळले आणि त्यांना उत्तर देता येईना. ‘वित्थायन्ति’ आणि ‘मङ्कू होन्ति’ असे मूळ शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ बुद्धी स्तंभित होणे, दुसऱ्याचा लाजेने खजील होणे. सभेच्या भयात मनुष्याच्या आत जे दोन व्यापार एकाच वेळी घडतात, ते या दोन शब्दांत नेमके पकडलेले आहेत.

ही गोष्ट भगवंतांना कळविण्यात आली. असे गोंधळणारे लोक संघास नकोत, असे ते म्हणाले नाहीत. उमेदवारांना त्यांनी दोषही दिला नाही. त्यांनी पद्धत बदलली : आधी समजावून सांगावे, मग प्रश्न विचारावेत. भिक्षूंनी हे समजावणे भर संघातच सुरू केले. उमेदवार पुन्हा तसेच गोंधळले. तेव्हा दुसरी दुरुस्ती झाली : उमेदवारास एका बाजूला, ‘एकमन्तं’, नेऊन समजावावे आणि नंतर संघात विचारावे. पुढे असेही ठरले की, हे काम कोणाही अजाण भिक्षूने करू नये. संघाने नेमलेल्या जाणत्या व समर्थ भिक्षूनेच ते करावे.

त्या नेमलेल्या भिक्षूने काय करावयाचे हेही विनयात नोंदलेले आहे. त्याने उमेदवारास त्याचे पात्र व चीवरे दाखवावीत आणि थोड्या अंतरावर उभे करावे. आता सत्य बोलण्याची वेळ आहे, जे आहे त्यास आहे म्हणावे, जे नाही त्यास नाही म्हणावे, असे सांगावे. गोंधळू नकोस, ओशाळू नकोस, असा धीर द्यावा. आणि मग पुढे संघात जे प्रश्न येणार तेच सर्व प्रश्न एकेक करून तेथे विचारावेत. त्यानंतर त्या भिक्षूने एकट्याने आधी संघात यावे, उमेदवारास आपण समजावले आहे असे निवेदन करावे, आणि संघाच्या अनुमतीने त्यास ‘ये’ म्हणून बोलवावे. चुल्लवग्गात भिक्षुणींच्या उपसंपदेसंबंधीही अशीच अडचण नोंदली आहे. स्त्रियांना भिक्षुसंघासमोर शरीरविषयक प्रश्नांची उत्तरे देणे लाजेमुळे अशक्य झाले, म्हणून ते प्रश्न आधी भिक्षुणीसंघात व्हावेत असा नियम करण्यात आला.

या हकीकतीत दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिली, सभेपुढे मनुष्य गोठतो तेव्हा सभेनेही आपली रीत तपासावी. दुसरी, त्या मनुष्यास सभेपासून कायमची सूट देऊ नये. प्रश्न गाळले गेले नाहीत आणि संघासमोर येणेही टळले नाही. फक्त एकांतात तयारी झाली, येणाऱ्या प्रसंगाची रंगीत तालीम झाली, एक ओळखीचा मनुष्य सभेत आधी जाऊन बसला, आणि मग हाक आली. पंचवीस शतकांपूर्वीच्या परंपरेत अशी योजना नोंदलेली आहे, हे बौद्ध वाचकांस माहीत असावे.

या योजनेचे महत्त्व संघाच्या कार्यपद्धतीमुळे आणखी वाढते. उपसंपदेसारख्या कर्मात ठराव एकदा मांडून तीनदा पुकारला जाई. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी मौन धरावयाचे, ज्यास अमान्य असेल त्याने बोलावयाचे, असा नियम होता. जेथे मौन ही संमती धरली जाते तेथे भयाने गप्प बसणाऱ्याचेही मत होकारात मोजले जाते. म्हणून सभेत बोलता येणे हा वक्तृत्वाचा अलंकार नसून तो हक्काचा प्रश्न आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्षुसंघाच्या या सभानियमांचा गौरव केला होता. त्या गौरवात सभेत उभे राहून ‘नाही’ म्हणणाऱ्या एकट्या सभासदाचे स्थान गृहीत धरलेले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे तेही असेच आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारण्याचा ठराव शाक्य संघात आला, आणि सिद्धार्थ त्यास विरोध करण्यासाठी उभा राहिला. बाबासाहेबांच्या मांडणीत बोधिवृक्षाकडे जाणारी वाट अशा प्रकारे एका सभागृहातून सुरू होते.

भिंतीस चिकटलेला मनुष्य

सर्वच सभाभय एका जातीचे नसते, हे थेरगाथेतील सुनीत थेरांच्या कथेवरून कळते. सुनीत हे राजगृहात वाळलेली फुले व केरकचरा उचलण्याचे काम करीत. लोक त्यांची घृणा करीत, आणि मन नीच करून सर्वांना वंदन करणे हा त्यांचा नित्यक्रम होता. भगवान भिक्षुसंघासह रस्त्याने येत आहेत असे पाहून त्यांस बाजूला होण्यास जागा मिळेना. तेव्हा कावड भिंतीस टेकवून ते जणू भिंतीला चिकटून, हात जोडून उभे राहिले, असे परंपरा सांगते. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ही कथा दिली आहे.

सुनीतांच्या मनात भय होते. पण ते चुकीच्या समजुतीतून आले होते काय ? नाही. रस्त्यावरील लोक आपणास तुच्छ मानतात ही त्यांची समजूत अक्षरशः खरी होती. भिंतीस चिकटणे हा त्यांच्या मनाचा विकार नव्हता. तो त्या नगराचा अलिखित कायदा होता. भगवंतांनी त्यांस “भिऊ नकोस” असे सांगून पुढे वाट धरली असती तर दुसऱ्या दिवशी सुनीत पुन्हा तेथेच, तसेच उभे राहिले असते. भगवंतांनी त्यांस ‘ये भिक्षू’ म्हणून संघात घेतले. संघात ज्येष्ठता उपसंपदेच्या वर्षांवरून मोजली जाई, जन्मावरून नव्हे. सुनीत ज्या सभेत बसले तिची मांडणीच निराळी होती.

वैद्यकाने दिलेले नाव

आता आधुनिक काळाकडे वळू. पाश्चात्य वैद्यकात या भयास स्वतंत्र नाव मिळण्यास बराच काळ लागला. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी १९०३ साली सामाजिक प्रसंगांच्या भयाचा निर्देश केला. १९६० च्या दशकात लंडन येथील मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स यांनी हे भय इतर भयांपासून वेगळे काढून दाखविले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते १९८० साली, तिसऱ्या आवृत्तीत, ‘सोशल फोबिया’ या नावाने दाखल झाले. २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘सोशल अँक्झायटी डिसऑर्डर’ हे नाव मुख्य झाले. मराठीत आपण त्यास सामाजिक चिंताविकार म्हणू.

साधा लाजाळूपणा हा विकार नव्हे. इतर लोक आपल्याकडे पाहतील, आपले मोजमाप करतील आणि आपली नाचक्की होईल, ही तीव्र भीती सामान्यतः सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकते. त्या भीतीपायी मनुष्य प्रसंग टाळू लागतो. आणि त्याचे शिक्षण, नोकरी, स्नेहसंबंध यांचे नुकसान होते. तेव्हा हे निदान केले जाते. बहुतेकांत त्याचा आरंभ किशोरवयात होतो. घरचे लोक त्यास स्वभाव समजतात आणि वर्षे निघून जातात.

हे भय टिकून का राहते, याचा उलगडा डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडला. सभेत जाताच अशा मनुष्याचे लक्ष बाहेरून आत वळते. समोरचे लोक खरोखर काय करीत आहेत हे तो पाहत नाही. आपला चेहरा कसा दिसत असेल, आवाज कसा कापत असेल, याचे चित्र मनात रंगवून त्यालाच तो सत्य मानतो. मग तो बचावाचे उपाय योजतो : मान खाली घालणे, भरभर वाचून संपविणे, हात खिशात लपविणे, शेवटच्या बाकावर बसणे. या उपायांमुळे त्या वेळी निभावते, पण आपली भीती अनाठायी होती हे कळण्याची संधी मात्र कधीच मिळत नाही. घरी आल्यावर तो झाला प्रसंग पुनःपुन्हा उगाळतो आणि पुढच्या प्रसंगासाठी अधिक भय साठवितो.

जपानचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथे मोरिता शोमा (१८७४–१९३८) या मानसोपचारतज्ज्ञांनी अशा रुग्णांवर उपचारांची स्वतंत्र पद्धती उभारली. भीती दडपू नये, ती आहे तशी राहू द्यावी आणि हातातील काम करीत राहावे, हे तिचे सूत्र. जपानमध्ये या विकारास ‘ताइजिन क्योफुशो’ म्हणतात. त्याच्या एका प्रकारात रुग्णास वाटते की, आपल्या नजरेमुळे, शरीरगंधामुळे किंवा केवळ सान्निध्यामुळे इतरांना त्रास होतो. हे वाचताना आम्ही थबकलो. आपल्या उपस्थितीने दुसरा दूषित होतो ही कल्पना तेथे रोगाचे लक्षण आहे. आपल्या देशात तीच कल्पना धर्माज्ञा म्हणून कोट्यवधी लोकांवर लादली गेली होती.

भयाचे प्रमाण कोणी ठरवावे ?

पाचव्या निदानपुस्तिकेत या विकाराची एक कसोटी अशी आहे की, भीती ही प्रत्यक्ष धोक्याच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीच्या मानाने अवाजवी असावी. ही कसोटी आमच्या वाचकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

बाबासाहेब शाळेत असताना त्यांना गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, हे त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईतील शाळेत शिक्षकांनी त्यांस गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले ते हलविण्यासाठी धावली, ही हकीकत चरित्रकार धनंजय कीर यांनी दिली आहे. फळ्यापर्यंतच्या त्या चार पावलांत त्या मुलाच्या मनात जे आले असेल त्यास अवाजवी कोण म्हणेल ?

हा केवळ गेलेल्या काळाचा प्रश्न नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील गावांत सहावी-सातवीच्या मुलांवर केलेले प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली होती. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दलित मुले व उच्चवर्णीय मुले यांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. परंतु सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव, गाव व जात पुकारण्यात आली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलांची बुद्धी तीच होती आणि कोडीही तीच होती. बदलली होती ती सभा.

यावरून दोन टोकाच्या चुका टाळाव्यात असे आम्हांस वाटते. आपल्या तरुणाच्या प्रत्येक संकोचास रोग म्हणणे ही पहिली चूक. तिने अन्याय करणारी सभा निर्दोष सुटते. प्रत्येक भय हे जातिव्यवस्थेचेच फळ आहे, व्यवस्था बदलल्यावर ते आपोआप जाईल, असे समजणे ही दुसरी. तिने ज्यास आज उपचार हवे आहेत तो मनुष्य उपचाराविना राहतो. हा विकार कोणत्याही जातीत, कोणत्याही देशात होतो. अपमानाच्या अनुभवाने तो अधिक खोल रुजू शकतो. एकाच माणसात दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात.

चळवळीने केलेली चिकित्सा

आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर तिच्या अनेक कृतींत सभाभयाची सामुदायिक चिकित्सा दिसते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारी वस्त्राभूषणांची रीत टाकण्यास सांगितले. पाहणाऱ्याच्या नजरेला आयते मिळणारे चिन्हच त्यांनी काढून घेतले. कमरेत वाकून करावयाच्या ‘जोहार’ची जागा ताठ मानेच्या ‘जय भीम’ने घेतली. या अभिवादनाचा आरंभ कामठीचे बाबू हरदास यांच्या नावाशी जोडला जातो. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि वीस ते पंचवीस हजार स्त्रिया उपस्थित होत्या. ज्यांच्या आज्यांनी गावच्या चावडीपुढे तोंड उघडले नव्हते, त्या स्त्रिया तेथे ठराव मांडत होत्या आणि त्यांस अनुमोदन देत होत्या.

‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी या चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती संगृहीत केल्या आहेत. वस्तीतील लहान मंडळ, मग तालुक्याची सभा, मग परिषद अशा पायऱ्या त्या काळी कोणी मानसोपचाराच्या हेतूने बांधलेल्या नव्हत्या. परंतु भयाला पायरीपायरीने सामोरे जाणे आणि सोबतीस आपली माणसे असणे या दोन्ही गोष्टी त्यांत होत्या. महावग्गातील योजनेशी त्यांचे नाते उघड आहे.

उपचार

ज्यांचे भय विकाराच्या कोटीला गेले आहे त्यांच्यासाठी आज परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. त्यांत बोधात्मक-वर्तनोपचाराचे स्थान पहिले आहे. यात तज्ज्ञाच्या सोबतीने मनुष्य आपल्या भीतीची भाकिते तपासतो, बचावाचे उपाय एकेक करून सोडतो, लक्ष आतून बाहेर वळविण्यास शिकतो, आणि टाळलेल्या प्रसंगांना क्रमाने सामोरा जातो. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधेही उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटताच ती एकाएकी बंद करू नयेत. पाचव्या शीलासंबंधीही येथे सांगितले पाहिजे : समारंभात मिसळता यावे म्हणून घोटभर मद्य घेण्याची सवय या विकारात सहज लागते, आणि एका दुःखाची दोन दुःखे होतात.

ध्यानाने हे भय जाईल काय, असा प्रश्न विहारात नेहमी विचारला जातो. याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सजगतेवर आधारित प्रशिक्षण आणि सामूहिक वर्तनोपचार यांचा लाभ जवळजवळ सारखा दिसला. उलट, ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१३ साली तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांत या विकारावर सजगतेचे उपचार सरसकट देऊ नयेत असे म्हटले आहे. म्हणून आनापानसतीचा अभ्यास अवश्य करावा. पण तेवढ्याने भागेल असे सांगून कोणास डॉक्टरांपासून रोखू नये. शिवाय भर सभेत स्वतःच्या छातीची धडधड मोजीत बसणे म्हणजे सती नव्हे. ते तर विकाराचेच काम आहे. सतिपट्ठान सुत्तात आत पाहणे आहे तसे बाहेर पाहणेही आहे. समोर बसलेला मनुष्य खरोखर कसा आहे, तो जांभई देत आहे की ऐकत आहे, हे जसे आहे तसे पाहणे हाही त्याच अभ्यासाचा भाग होय.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ज्यास दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याचेच भय वाटते, त्याच्यासाठी ही पहिली पायरी ठरू शकते.

विहारांच्या संचालकांस व शिक्षकांस आमची एवढीच विनंती आहे की, महावग्गातील रीत त्यांनी आपल्या सभांतून चालू करावी. ज्या मुलास बोलावयास लावावयाचे त्यास आदल्या दिवशी बाजूला घेऊन विषय सांगावा. पहिल्यांदा पाच जणांपुढे बोलू द्यावे, मग पंधरा जणांपुढे. तो बोलेल त्या दिवशी त्याच्या विश्वासातील एखाद्याने पुढच्या ओळीत बसावे. अडखळल्यास कोणी हसू नये, आणि हसणाऱ्यास तेथल्या तेथे थांबवावे. यास पैसा लागत नाही. आणि एवढे करूनही ज्याचे भय हटत नाही, त्यास तज्ज्ञाकडे नेण्यास लाजू नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात आम्ही परीक्षेपूर्वी एकट्यास खोलीत बोलावले. कोणते प्रश्न कशा रीतीने विचारले जातील ते सांगितले, आणि तेच प्रश्न त्यास दोनदा विचारले. परीक्षेच्या दिवशी त्याचा आवाज कापला. पण त्याने सर्व उत्तरे दिली.